आघाड्याचे निमंत्रण

देवापुढे बसतो तेव्हा मी काही लपवीत नाही, असे आयुष्यभर मानीत आलो. सकाळच्या संध्येत जाणता-अजाणता घडलेल्या पापांचा उच्चार करावयाचा असतो; तो रोज करतो. पण त्या उच्चारात एक जागा मी नेहमीच रिकामी सोडली आहे. त्या जागेशी आलो की जीभ वळसा घालून पुढे सरकते — ओहोळातल्या दगडापाशी पाणी सरकावे तशी. पत्नीला हे ठाऊक नव्हते. मुलांना नाही. ज्या स्नेह्यांपाशी मन मोकळे करीत असे ते एकेक करून गेले, हे न ऐकताच गेले. आज तुमच्यापाशी बोलतो आहे. तुमचा चेहरा माझ्यासमोर नाही — कदाचित म्हणूनच जमेल.

गोष्ट एका रानटी झुडपाच्या मुळीची आहे. एवढीशी मुळी — करंगळीहून बारीक. तुम्ही म्हणाल, तिच्यासाठी एवढी वर्षे मौन? थोडे थांबा. मला माझ्या चालीने सांगू द्या. थेट त्या जागी जाऊन उभे राहण्याचे बळ अजूनही अंगात नाही.

आमचे घर धामणगाव बढ्याचे, बाजाराच्या मागल्या गल्लीतले. मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली ओसरी, मागे गोठा, गोठ्यामागे उकिरडा. वडील गावचे जोशी. आई माझ्या लहानपणीच गेली, आणि घर सांभाळले ते वडिलांच्या थोरल्या बहिणीने, बनूआत्याने. गाव तिला आत्याबाई म्हणे. तिच्याहून वयाने मोठी माणसेही आत्याबाईच म्हणत.

आत्याचे सासर जळगाव जामोदचे, सातपुड्याच्या पायथ्याशी. लग्न झाले तेव्हा ती परकर नेसत होती. विधवा झाली तेव्हाही फारशी मोठी झाली नव्हती. माहेरी परत पाठवली त्या दिवशी सासूने तिच्या ओंजळीत एक लाकडी डबी ठेवली. डबीत आघाड्याच्या वाळलेल्या मुळ्या होत्या, आणि डबीबरोबर तीन नियम होते. सासूला दुसरे काही देता येत नव्हते. तिने आपल्या हातचा गुण दिला. आत्या सांगे, "त्या घरचं माझ्याकडे एवढंच आहे रे. ना दागिना, ना मूल. एवढी डबी."

हे मी पुढे जे सांगणार आहे त्यासाठी ध्यानात ठेवा. एवढीच डबी.

त्या दिवसांची आठवण आली की मला अजून वास येतात. चुन्याच्या डबीचा, आमचुराचा, ओल्या काळ्या मातीचा, सहाणेवर उगाळलेल्या मुळीचा — थोडा तुरट, थोडा पावसात भिजलेल्या लाकडासारखा. देवघराशेजारच्या कोनाड्यात आत्याचा सारा दवाखाना मावत असे. कुणाला गांधीलमाशी डसली की अडकित्त्याचे लोखंड जागेवर घासायचे आणि वर चुन्याचे बोट. झोपेत अंगाखाली कोळी चिरडला गेला की सकाळी कातडीवर पट्टा उठतो, बारीक फोड येतात, निखारा ठेवल्यासारखी आग होते. त्यावर आमचूर पाण्यात वाटून त्याचा लेप, आणि तान्ह्या मुलाला असेल तर आमचूर नको, तुळशीचा रस आणि हळद. विंचवाला आघाड्याची मुळी: उगाळून दंशावर लेप द्यायचा, आणि तीच मुळी वेदना जिथवर चढली असेल तिथून खाली, खाली, दंशापर्यंत फिरवीत आणायची. सोबतीला चिंचोका. तो दगडावर घासून पांढरा भाग उघडा पडला, चटका देऊ लागला, की दंशावर दाबायचा. तो कातडीला धरून राही. विष ओढून झाले की आपणहून गळे — असे आम्ही समजत असू. आज डॉक्टर याला हसतील. हसोत. मी तेव्हा कण्हत आलेली माणसे आमच्या ओसरीवरून बोलत, चालत घरी गेलेली पाहिली आहेत.

आणि हसतही गेलेली! भिकाजी आमचा शेजारी, कापसाचे शेत करणारा, आडदांड अंगाचा. एकदा मोहोळ समजून गांधीलमाशांचे पोळे हलवले आणि नाक वांग्याएवढे करून आला. मागून त्याची बायको, आणि तिच्यामागून अर्धी गल्ली.

"काऊन बे भिक्या," कुणीतरी ओरडले, "माशीले साऱ्या शिवारात तुयंच नाक गवसलं काय?"

"आत्याबाई, चुना नका लावू," त्याची बायको पदर तोंडाला लावून म्हणाली, "राहू द्या तसंच. आता तरी बरं दिसते. पहिलं होतं कुठं याले नाक!"

भिकाजी नाक धरून हसला आणि हसता हसता कळवळला. आत्यानेही हसू आवरले नाही. तांबड्या आलवणातली ती कृश बाई, जिला लग्नमुंजीत पुढे येण्याची मुभा नव्हती, जिचे तोंड सकाळी पाहू नये असे काही लोक मानीत — ती त्या ओसरीवर बसली की सारे गाव तिच्यापुढे अंग उघडे करून बसे. सवाष्णी तिच्या पायाशी लेकरे ठेवीत. तिच्या हाताला गुण आहे असे म्हणत. हा हातच तिचा संसार होता. मी हे तेव्हा पाहत होतो. कळत मात्र नव्हते.

आता ते तीन नियम. पहिला — हाक आली की त्याच क्षणी उठायचे. घास हातात असला तर तो ताटात टाकायचा, तोंडात नाही. दुसरा — ज्याचे दुखणे उतरवले त्याच्या घरचे पाणीसुद्धा प्यायचे नाही. तिसरा — कुणालाही, कधीही, नाही म्हणायचे नाही.

मुळीचाही एक आचार होता. वर्षभराच्या मुळ्या रविवारी पुष्य नक्षत्र येईल त्या पहाटे काढायच्या, आणि आदल्या संध्याकाळी दिवेलागणीपूर्वी झाडाला निमंत्रण द्यायचे. नाल्यापलीकडे, मसणवटीच्या वाटेवर आघाड्याचे रान होते. त्यातले एक झाड निवडायचे, बुंध्याशी पाणी घालायचे, हळदकुंकू, अक्षता वाहायच्या, आणि हात जोडून म्हणायचे — उद्या पहाटे न्यायला येतो, लोकांच्या वेदनेसाठी यावे. पहाटे स्नान करून, कुणाशी एक शब्द न बोलता तिथे जायचे, लोखंड न लावता लाकडी खुंटीने माती उकरायची, मुळी घरी आणून देवापुढे ठेवायची, आणि मगच तोंड उघडायचे. आत्या म्हणे, "न बोलावता आपण कुणाकडे जातो का? मग तीही येत नाही. न बोलावलेली मुळी म्हणजे नुसतं सरपण."

पण निमंत्रण आत्याला देता येत नसे. कुंकवाला तिचा हात चालत नव्हता. म्हणून आधी वडील जात, आणि त्यांचे गुडघे धरल्यावर ते काम माझ्याकडे आले. तिचा सारा गुण दुसऱ्याच्या सचोटीवर उभा होता — माझ्या.

मी परत आलो की धोतराला आघाड्याची कुसळे चिकटलेली असत. त्या झुडपाच्या कणसांना कुणी नुसता अंगाने लागला तरी ती सोडत नाहीत. मुळी देवापुढे ठेवून मी ओसरीवर बसे, आणि आत्या समोर बसून एकेक कुसळ वेचून काढी. मौन सुटलेले असले तरी कुसळे निघेपर्यंत आम्ही दोघेही बोलत नसू. सकाळचा गारवा, गोठ्यातल्या घंटांचा आवाज, आणि तिची ती सावकाश बोटे. आईचा स्पर्श मला आठवत नाही. हा आठवतो.

मी गोदाकाठच्या पाठशाळेत शिकून परत आलो तेव्हा विशीच्या आसपास होतो. व्याकरण झाले होते, धर्मशास्त्राचे काही ग्रंथ गुरुजींपुढे बसून वाचले होते. डोक्यावर शेंडी, आणि शेंडीहून मोठा ताठा. गावातल्या आचारांकडे मी वरून पाहू लागलो होतो. कोणते शास्त्रोक्त, कोणते नुसता लोकाचार — याची चाळणी मनात सतत हलत असे. आघाड्याचे निमंत्रण कुठल्या ग्रंथात आहे? मला सापडले नव्हते. म्हणजे मी ते वाचले नव्हते. पण मला त्या वयात हा भेद कसा दिसावा?

कार्तिकाचे दिवस होते. कापसाच्या बैलबंड्या रांगेने सरकी काढण्याच्या जिनाकडे लागलेल्या, हवेत तंतू तरंगत होते. जिनाच्या मालकाने कर्ण्याचा फोनो आणला होता, आणि शनिवारी संध्याकाळी आवारात तो सर्वांना ऐकवणार अशी दवंडीच जणू फिरली. दुसऱ्या दिवशी रविपुष्य होते. आत्याने ताम्हनात हळदकुंकू, अक्षता काढून माझ्या हाती दिल्या. मी निघालो. वाटेत जिनापाशी थांबलो — क्षणभरच. तबकडी फिरू लागली, आणि कर्ण्यातून एका बाईचा असा स्वच्छ स्वर आला की सरकीच्या ढिगावर बसलेले हमालसुद्धा हलेनात. मी म्हटले, ही एक संपू दे. मग दुसरी लागली. मान वर केली तेव्हा आवारात कंदील आले होते.

दिवेलागण टळली होती. तरीही गेलो असतो तर? मसणवटीच्या वाटेवर अंधार होता, आणि मी भित्रा होतो. हे मी त्या वेळी स्वतःशी म्हटले नाही. स्वतःशी म्हटले ते असे — झुडपाला निमंत्रण कसले द्यायचे. वनस्पतीचा गुण तिच्या रसात असतो, अक्षतांत नसतो. पाठशाळेतली विद्या अशी कामी आली. ताम्हनातल्या अक्षता मी नाल्याच्या अलीकडे वाहत्या पाण्यात सोडल्या आणि घरी आलो.

"दिलंस निमंत्रण?" आत्याने विचारले.

"हो."

पहाटे जाग आली नाही. उठलो तो उजाडले होते. घाईने चार तांबे अंगावर घेतले, मागल्या दाराने बाहेर पडलो, आणि नाल्याकडे न जाता गोठ्यामागे गेलो. उकिरड्याच्या कडेला आघाडा माजला होता. खुरप्याने — लोखंडी खुरप्याने — हव्या तेवढ्या मुळ्या काढल्या. परतताना धोतराकडे लक्ष गेले. उकिरड्याच्या कडेशी उभा राहून कितीशी कुसळे चिकटणार? दोनतीनच होती. नाल्यापलीकडून येणाऱ्याचे धोतर असे नसते, हे आत्याला ठाऊक होते.

तेव्हा मी कणसे ओरबाडली, आणि ती कुसळे आपल्या हाताने धोतराला लावली. काठाला, निऱ्यांना, मागल्या बाजूलाही.

आळस झाला, भय वाटले — हे सारे माणसाच्या हातून घडते. पण ही कुसळे? ती मी विचार करून लावली. मग तोंड मिटून, मौनाचे सोंग घेऊन आत गेलो, मुळ्या देवापुढे ठेवल्या आणि ओसरीवर बसलो. आत्या समोर येऊन बसली आणि तिने एकेक कुसळ वेचायला सुरुवात केली. नेहमीपेक्षा जास्त होती. तिने वर पाहिले, कौतुकाने — केवढे रान तुडवून आला हा! — आणि पुन्हा खाली वाकली. मी काही बोललो नाही. तेव्हा बोलण्याची आमची रीत नव्हतीच.

तुम्हाला वाटेल, हाच तो दोष. नाही. हा त्याचा उंबरठा झाला.

हिवाळाभर कुणाला विंचू चावला नाही. वैशाख आला. द्वादशी होती, आदल्या दिवशी आत्याची निर्जळी एकादशी झालेली. दुपारी ती पारण्याला बसली आणि तोच अंगणातून भिकाजीची हाक आली.

"आत्याबाई, चाला हो, चाला लवकर! आमच्या सीतेले इच्चू चावला. गवऱ्या काढू राह्यली होती थे. लेकरू अंगावर पिते तिचं, आत्याबाई, चाला!"

सीता म्हणजे भिकाजीची सून, पहिलटकरीण, मूल काही महिन्यांचे. आत्या डबी घेऊन धावली; सहाण घेऊन मी मागे. सीता दाराशी पडली होती. कपाळ घामाने भिजलेले, हात खांद्यापासून थरथरत होता, ओठांतून लाळ येत होती. आत्याने मुळी उगाळली, लेप दिला, खांद्यावरून मुळी खाली आणू लागली. मुळी खाली येई, पण वेदना खाली येईना. चिंचोका लावला, तो लगेच गळला. दुसरा लावला, तोही. आत्याने दुसरी मुळी काढली. मग तिसरी. एकाच दिवशी, एकाच उकिरड्यावर काढलेल्या मुळ्या.

मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. मला ठाऊक होते. साऱ्या अंगणात मला एकट्याला ठाऊक होते. तुम्ही विचाराल, तू तर निमंत्रण मानीत नव्हतास! खरे आहे. पण सीतेच्या ओठांवरची लाळ पाहिल्यावर माझे पांडित्य कुठे गेले कोण जाणे. मला दिसत होत्या त्या नाल्यातून वाहत जाणाऱ्या अक्षता. एक वाक्य पुरे होते — आत्या, मुळी खोटी आहे, हिला दवाखान्यात न्या. भर दुपारीच बैल जुंपले गेले असते. मी ते वाक्य बोललो नाही. उन्हे कलेपर्यंत आत्या मुळी फिरवीत राहिली, कारण तिचा मुळीवर विश्वास होता. आणि तिचा मुळीवर विश्वास होता, कारण तिचा माझ्यावर होता.

अखेर भिकाजीनेच बैलांची दमणी जुंपली. मलकापूरचा दवाखाना. सीतेला उचलून आत ठेवले तेव्हा तिने आत्याकडे पाहिले आणि जड जिभेने म्हणाली, "माया लेकराले पाहा, आत्याबाई."

मूल आत्याच्या मांडीवर रडत राहिले. दमणीची धूळ कितीतरी वेळ वाटेवर तरंगत होती.

सीता वाचली. काही दिवसांनी परत आली — वाळलेली, पण आपल्या पायांनी चालत. अंगावरचे दूध मात्र आटले होते. गावात कुणी आत्याला बोल लावला नाही. भिकाजी तर स्वतः येऊन म्हणाला, "एखांदा इच्चू लय जहरी असते, आत्याबाई. त्याले तुमी तरी काय करान?"

मी सुटलो असे मला वाटले.

त्यानंतरच्या सकाळी मी ओसरीवर पोथी उघडून बसलो होतो. आत्या आली, आणि ओसरीवर न बसता खाली अंगणात बसली — जशी माणसे वडिलांना प्रश्न विचारायला बसत तशी. माझ्यापुढे ती कधी अशी बसली नव्हती.

"दत्तू," ती म्हणाली, "तू शिकून आलास. शास्त्रातलं विचारायचं आहे."

मी पोथीवरून मान वर केली.

"भिकाजीची हाक आली तेव्हा घास हातात होता. आदल्या दिवशी पोटात पाणी नव्हतं रे. ताटात टाकायला हवा होता. मी तो तोंडात घातला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. त्या एका घासापायी त्या पोरीचे हाल झाले. तिच्या लेकराचं दूध गेलं. याला प्रायश्चित्त काय?"

मला काय वाटले, ते सांगतो. मला हायसे वाटले. हा शब्द मी तोलून वापरतो आहे. दोषाला धनी मिळाला होता, आणि तो आपण होऊन चालत आला होता. त्याच वेळी दुसरे एक भय होते — डबीत त्या मुळ्या अजून शिल्लक होत्या. उद्या पुन्हा हाक आली, पुन्हा गुण आला नाही, आणि मग तिने मुळीवर संशय घेतला तर? काहीही करून ती डबी मिटायला हवी होती.

म्हणून मी आवाज गंभीर केला आणि एक श्लोक म्हटला. त्याचा प्रायश्चित्ताशी काही संबंध नव्हता; व्याकरणाच्या पाठातला होता, एका धातूच्या रूपांचे उदाहरण. आत्याने त्याला हात जोडले. मग मी सांगितले — व्रत मोडले आहे, हात दूषित झाला आहे; रामनामाचा जप करावा, आणि हात शुद्ध झाला असे मनातून वाटेपर्यंत औषधाला स्पर्श करू नये.

तिने मान डोलावली. उठली, कोनाड्यातली डबी काढली, पदरात धरून देवापुढे ठेवली.

हाच माझा दोष. तिच्या हातून तिचा हात मी काढून घेतला. आणि काढून घेताना तिच्याकडून नमस्कारही घेतला.

लोक येत राहिले. कुणाला माशी, कुणाला कोळी, कुणाला विंचू. आत्या दारात उभी राही, हात पदराखाली घेऊन, आणि म्हणे, "माझा हात गेला रे बाबा. दुसरीकडे जा." कुणालाही नाही म्हणायचे नाही हा तिचा नियम होता, माझ्या प्रायश्चित्ताने तो तिला रोज मोडायला लावला. हळूहळू लोक येईनासे झाले. ओसरी झाडलेलीच राहू लागली. ती जप करी. दुपारी पडवीत बसून, माळ हातात, ओठ हलताहेत — माझ्या चुकीचा जप.

तुम्हाला सांगतो, मी संधी गमावली ती एकदाच नव्हे. पुढल्या रविपुष्याला मी सारे काही यथासांग केले. वेळेवर गेलो, पाणी घातले, हळदकुंकू, अक्षता. मसणवटीच्या वाटेवर उभा राहून त्या झाडापुढे रडलोसुद्धा. पहाटे मौन धरून लाकडाच्या खुंटीने मुळी काढली. देवापुढे ठेवली आणि म्हटले, "आत्या, जप पुष्कळ झाला. आता हात लाव."

तिने मुळी पाहिली, हुंगली. "मुळी शुद्ध आहे रे," ती म्हणाली. "हात नाही."

मग खाली बसून माझ्या धोतराची कुसळे काढू लागली. त्या क्षणी बोलता आले असते. तिचे डोके माझ्या गुडघ्यापाशी होते. मी तिच्या बोटांकडे पाहत राहिलो, आणि कुसळे संपली.

पुढे मला बुलढाण्याच्या शाळेत संस्कृत शिकवण्याची नोकरी लागली. वडील गेले, आत्याला मी तिकडे नेले. लग्न झाले. बायको अकोल्याची, शहरातली. एका सकाळी मी उठलो तो मानेवर कोळ्याचा पट्टा उठला होता, आग सहन होईना. बायको घाबरली. आत्या खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात बसली होती, तिथूनच सांगू लागली.

"आमचूर घे गं. पाणी थेंबाथेंबानं घाल. अगं, कढी करून राहिलीस का? घट्ट हवं. हां. आता बोटाच्या पोटानं, नखानं नाही."

"आत्याबाई, तुम्हीच लावा ना," बायको म्हणाली, "मला किळस येते."

"मी नाही गं. तुझा हात चांगला आहे."

मी मान खाली घालून बसलो होतो. लेप लावून घ्यायला मान खाली घालावीच लागते. माझा चेहरा कुणी पाहिला नाही. मी मात्र तिरप्या नजरेने पाहिले. आत्याचे दोन्ही हात पदराखाली होते, आणि पदराखाली तिची बोटे हलत होती — जणू ती लेप लावीत होती.

ती गेली माघात. शेवटच्या दिवसांत बोलणे थोडेच होते. एका दुपारी तिने मला जवळ बसवले आणि विचारले, "दत्तू, आता तरी झाला असेल का रे शुद्ध?"

सांगता आले असते का? मरणाऱ्या माणसाला सत्य सांगावे, की शांती द्यावी? मी या प्रश्नाच्या आड पुष्कळ वर्षे लपलो. पण त्या दुपारी मी तिच्या शांतीचा विचार करीत नव्हतो. मी घाबरलो होतो, त्या संध्याकाळी जिनापाशी उभा राहून मसणवटीच्या अंधाराला घाबरलो होतो तसाच.

"झाला," मी म्हणालो. शास्त्र्याच्या आवाजात.

तिने हात पदराखालून काढला. बराच वेळ त्याकडे पाहिले. मग तो माझ्या डोक्यावर ठेवला. इतक्या वर्षांनी तिचा हात मोकळा झाला होता, आणि त्याने पहिले काम केले ते हे. तो हात मी डोक्यावर घेतला.

निमंत्रणाने मुळीला गुण येतो की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. सीतेला चावलेला विंचू कदाचित कोणत्याच मुळीला वश झाला नसता. त्याने माझ्या गोष्टीत काही बदलत नाही.

डबी माझ्या देवघरात आहे. कार्तिकात मी फिरून येतो तेव्हा धोतराच्या काठाला आघाड्याची कुसळे चिकटलेली असतात. सून म्हणते, "बाबा, बसा, मी काढून देते." मी तिला हात लावू देत नाही. पायरीवर बसतो, दिसेनासे झाले आहे तरी चाचपून एकेक वेचतो, तळहातावर ठेवतो. यांतले एकही मी लावलेले नसते.